गोळी, ताट आणि ‘कमजोरी’

आपल्या बालाघाट-गोंदियाकडे बाईच्या बहुतेक दुखण्यांना एकच नाव असतं : कमजोरी. चक्कर आली, कमजोरी. केस गळले, कमजोरी. पिंढऱ्या ओढल्या, तोंड आलं, चिडचिड झाली, तरी कमजोरीच. आणि ती कशाने आली याचंही उत्तर तयार असतं. बाई पाळणा लांबवण्याची गोळी घेत असेल तर सासू, जाऊ, शेजारीण सगळ्यांचं एकमत होतं : ‘त्या गोळीनंच आंग पोखरलं.’

मागच्या अंकात थायरॉइडच्या रिपोर्टबद्दल लिहिलं, तेव्हा काही मैत्रिणींनी हाच प्रश्न विचारला. गोळीने अंगातली जीवनसत्त्वं खरंच कमी होतात का? कमी होत असतील तर गोळी सोडायची का? मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण या सदरात आपण नेहमी करतो तसं याही वेळी ऐकीव गोष्ट बाजूला ठेवून आकडे मांडून बघू. आधीच सांगते, सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे.

विषय चारचौघांत बोलण्याचा नाही असं कोणाला वाटलं तर एक आठवण करून देते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. म्हणजे मराठी मासिकाच्या पानावर हा विषय येऊन शंभर वर्षं होत आली. आपण निदान लाजू तरी नये.

पाकिटात काय असतं?

आधी पाकीट उघडून बघू. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानात स्वस्तात मिळणारी माला-डी, दोन्हींमधलं औषध एकच. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ पांढऱ्या. प्रत्येकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम, अशी दोन संप्रेरकं. उरलेल्या ७ रंगीत, ज्यांना आपल्याकडे बायका ‘काळ्या गोळ्या’ म्हणतात. त्यांत संप्रेरक अजिबात नसतं. असतं ते फेरस फ्युमरेट, म्हणजे लोह.

म्हणजे ज्यांनी हे पाकीट तयार केलं त्यांना आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी आहे हे ठाऊक होतं. गर्भनिरोधकाच्या पाकिटातच त्यांनी पोषणाची गोळी घालून दिली. आणि आपण नेमकी तीच फेकतो. रामपायलीतल्या माझ्या एका वहिनीने मला अगदी सहज सांगितलं होतं, ‘ताई, पांढऱ्या बरोबर खाते मी. काळ्या फेकून देते. त्यानं पोट बिघडते अन् फायदा तर काहीच नाही.’

फायदा दोन प्रकारचा आहे. एक लोहाचा, त्याचा हिशेब पुढे करू. दुसरा सवयीचा. काळ्या गोळ्या सात दिवस चालतात आणि आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू होतं. ज्या बाया काळ्या गोळ्या टाकतात, त्यांचा दिवसांचा हिशेब चुकतो. ‘पाळी गेली की सुरू करते’ असं म्हणत नवं पाकीट नवव्या-दहाव्या दिवशी उघडलं जातं. पांढऱ्या गोळीत सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की दिवस राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त वाढते. पोट बिघडत असेल तर काळी गोळी रात्री जेवण झाल्यावर घ्यावी. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये.

गोळीने काय कमी होतं?

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेत १९६० मध्ये एनोव्हिड ही पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. तिच्यात इस्ट्रोजेन-वर्गातल्या संप्रेरकाचं प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या माला-डीमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. दोन्हींमधली संप्रेरकं तंतोतंत एक नाहीत, पण अंदाज यावा म्हणून सांगते. गोळीच्या दुष्परिणामांबद्दल जे काही कानावर येतं, त्यातलं बरंचसं त्या जुन्या भारी गोळ्यांच्या काळातलं आहे.

त्या काळात सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो बी-६ या जीवनसत्त्वाचा. इस्ट्रोजेनमुळे यकृतातलं ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकाचं काम वाढतं आणि त्या कामात बी-६ खर्च होतं. मेंदूत मन ताळ्यावर ठेवणारं सेरोटोनिन तयार होतं, त्यालाही बी-६ लागतंच. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. गोळी घेणाऱ्या आणि उदास राहणाऱ्या २२ स्त्रिया तपासल्या, त्यातल्या ११ जणींमध्ये बी-६ ची खरोखर कमतरता निघाली. त्या ११ जणींना बी-६ दिल्यावर फरक पडला. ज्यांच्यात कमतरता नव्हती, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. हे दुसरं वाक्यही तितकंच महत्त्वाचं आहे. कमतरता असेल तरच भरपाईचा फायदा. उगाच मोठ्या मात्रेच्या बी-६ च्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात.

दुसरं फॉलिक ॲसिड किंवा फोलेट. गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात ते थोडं कमी असतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर २०१५ मध्ये पुन्हा दिसलं. अमेरिकेत तर २०१० मध्ये फोलेट घातलेली गर्भनिरोधक गोळीच बाजारात आली. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरं बी-१२. इथे गंमत आहे. गोळी घेणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये बी-१२ चा आकडा कमी दिसतो, पण पेशींना ते खरोखर कमी पडतं आहे का हे दाखवणारी दुसरी तपासणी केली तर बहुतेकींची ती ठीक येते. म्हणजे रक्तात बी-१२ वाहून नेणारं प्रथिन कमी झालेलं असतं, माल तितकाच असतो. याशिवाय बी-२, जस्त आणि मॅग्नेशियम थोडे खाली गेल्याच्या नोंदी आहेत.

आणि काही गोष्टी वाढतात. रक्तातलं ‘ए’ जीवनसत्त्व आणि तांबं वाढलेलं दिसतं, ‘डी’चा आकडाही जरा बरा येतो. पण इथेही मुख्यतः वाहून नेणारी प्रथिनं वाढलेली असतात. शहरात राहणाऱ्या आणि दरवर्षी ऑफिसच्या पॅकेजमध्ये पूर्ण तपासणी करून घेणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिते. थायरॉइडचा एकूण टी-४ सुद्धा गोळीमुळे वाढलेला दिसतो, म्हणून फ्री टी-४ बघावा लागतो. तेव्हा रक्त द्यायला गेलात की ‘मी गर्भनिरोधक गोळी घेते’ हे फॉर्मवर लिहा आणि डॉक्टरांनाही सांगा. नाहीतर आकड्यापुढचा बाण बघून नको ती औषधं सुरू व्हायची.

पण ताट कोणाचं?

वरचे बरेचसे अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या पोटभर जेवणाऱ्या स्त्रियांवरचे आहेत. त्यांच्या साठ्यातून चमचाभर गेलं तर फरक पडत नाही. ज्यांचा साठाच तळाला आहे त्यांचं काय? हा प्रश्न आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी विचारला. मुंबईत परळला प्रजनन-आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिथे सत्तरच्या दशकातच गोळी घेणाऱ्या स्त्रियांची बी-१ आणि बी-६ ची स्थिती तपासली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. महताब बामजी यांनी बी गटातल्या जीवनसत्त्वांवर वर्षानुवर्षं काम केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतातल्या आणि थायलंडमधल्या कुपोषित स्त्रियांवर झालेला एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच असा होता की जीवनसत्त्वांच्या कमतरतेत गर्भनिरोधकाचा वाटा किती आणि बाकीच्या कारणांचा किती.

मला ही प्रश्नाची मांडणी फार आवडली. आपण घरी ती कधीच करत नाही. गोळी समोर दिसते, म्हणून दोष गोळीला. ताट रोजचंच असतं, म्हणून ते कोणी बघत नाही.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. मध्य प्रदेशात हा आकडा ५४.७ टक्के, महाराष्ट्रात ५४.२. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखंच. आणि त्याच सर्वेक्षणात गोळी वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया किती? देशभरात ५.१ टक्के. शंभरातल्या पाच जणी गोळी घेतात आणि सत्तावन्न जणींचं रक्त कमी आहे. बाकीच्या बावन्न जणींची कमजोरी कुठून आली? ती गोळीच्या पाकिटातून आलेली नाही.

लोहाचा जमाखर्च

लोहाच्या बाबतीत तर गोळी चक्क फायद्याची आहे. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह बाहेर. गोळीने रक्तस्राव बराच कमी होतो, अनेकींचा जवळजवळ निम्मा. म्हणजे महिन्याला ८-१० मिलिग्रॅमची बचत. तांबी बसवली असेल तर उलट होतं, स्राव वाढतो. तांबी वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही, पण तांबी बसवलेल्या आणि अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईने हिमोग्लोबिनकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

आता काळ्या गोळ्या. पाकिटावर फेरस फ्युमरेट ६० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. त्यात प्रत्यक्ष लोह साधारण २० मिलिग्रॅम. सात गोळ्यांचं १४०. त्यातलं अंगी लागतं दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १४ मिलिग्रॅम. वाचलेलं आणि मिळालेलं मिळून वर्षाला तीनशेच्या जवळ जमा. हे ढोबळ आकडे आहेत, माणसागणिक बदलतात. पण बाजू कोणती जड आहे ते कळायला पुरेसे आहेत.

आणि खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम कोणती? गरोदरपण. एका गरोदरपणाला आईच्या शरीरातून एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. हाच तो धोक्याचा निष्कर्ष, ज्याबद्दल मी सुरुवातीला म्हटलं. नात्यातल्याच एकीला ‘गोळीनं कमजोरी येते’ म्हणून घरच्यांनी गोळी सोडायला लावली. दुसरं साधन कोणी सुचवलं नाही. धाकटं पोर अकरा महिन्यांचं असताना तिला पुन्हा दिवस राहिले आणि पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन साडेसात निघालं. सातच्या खाली गेलं की गरोदरपणात ते अतिगंभीर मानतात. बाळंतपण पार पडलं, दोघं सुखरूप आहेत, पण शेवटच्या तीन महिन्यांत घराची झोप उडाली होती. चमचाभर बी-६ वाचवायला निघालो आणि कोठीच रिकामी करून बसलो, असा तो प्रकार.

आपल्या ताटात काय आहे?

रामपायली, वारासिवनी हा सगळा धानाचा मुलूख. दोन्ही वेळा भात. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सुगंध तर काय सांगावा. पण पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात बी गटाची जीवनसत्त्वं फार कमी उरतात, कारण ती कोंड्यात जातात. त्यात भात शिजवून पेज काढून टाकली की उरलीसुरली पाण्याबरोबर वाहून जातात. उकडा तांदूळ या बाबतीत बरा, कारण धान उकडताना जीवनसत्त्वं आतल्या दाण्यात मुरतात.

रेशनच्या तांदळाबद्दलही थोडं. त्यात आता शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेला असतो. तो जरा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणत बाया तो निवडून टाकतात. टाकू नका. ठरवून दिलेल्या किमान प्रमाणाने हिशेब केला तर ३०० ग्रॅम तांदळातून सुमारे ८ मिलिग्रॅम लोह आणि २२ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मिळतं. बाईची रोजची शिफारस आहे २९ मिलिग्रॅम लोह आणि २२० मायक्रोग्रॅम फोलेट. म्हणजे या तांदळाने हातभार लागतो, पण भागत नाही. उरलेलं ताटातूनच यायला हवं.

आणि ते आपल्या परसात, तळ्यात, बाजारात आहे. गोळी ज्या घटकांना हात लावते, त्यांची भरपाई कशी होते ते बघा :

बी-६ साठी केळी, हरभरा, आलू, फल्लीदाणे, मासे.

फोलेटसाठी हिरव्या पालेभाज्या आणि डाळी. हरभऱ्याची भाजी, मुनग्याचा पाला, पावसाळ्यातला तरोटा, पालक, चवळी, बरबटी. भाजी फार वेळ उकळू नये आणि तिचं पाणी फेकू नये, फोलेट उष्णतेने आणि पाण्यात जातं.

बी-२ आणि बी-१२ साठी दूध, दही, ताक, अंडी. बी-१२ भाज्यांमधून मिळत नाही, त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरात दूध-दह्याची वाटी बाईच्या वाट्याला येते की नाही हे बघायला हवं. आपल्याकडे दूध आधी मुलांना, मग चहाला, आणि उरलं तर बाईला.

जस्त आणि मॅग्नेशियमसाठी तीळ, जवस, फल्लीदाणे, डाळी, हातसडीचा तांदूळ. जवसाची चटणी आपल्या घरात असतेच, ती ताटाच्या कडेला चिमूटभर न राहता चमचाभर व्हावी.

लोहासाठी वरच्या भाज्या-डाळींबरोबर लिंबू किंवा आवळा. आंबटामुळे लोह जास्त शोषलं जातं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेच लोह अडतं. तास-दीड तास थांबा.

यात महागाचं काही नाही. अडचण पैशाची थोडी आणि पंगतीची जास्त आहे. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि तळाचं वरण खाणाऱ्या बाईला कोणत्याही गोळीशिवाय कमजोरी येणारच.

लोहाची गोळी सगळ्यांना सारखी नाही

आपल्या पट्ट्यासाठी एक इशारा मुद्दाम देते. बालाघाट, गोंदिया, भंडारा या भागात सिकलसेल आहे. त्यात रक्त कमी असतं, पण नेहमी लोहाच्या कमतरतेने नव्हे, तर तांबड्या पेशी लवकर फुटत असल्याने. अशा बाईने तपासणीशिवाय लोहाचा मारा करू नये. तिला फॉलिक ॲसिडची गरज मात्र जास्त असते. सिकलसेलचा आजार असेल तर कोणतं गर्भनिरोधक घ्यावं हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो. १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यात तपासणी मोफत होते. घरात कोणाला हा त्रास असेल तर सगळ्यांनी ती करून घ्यावी.

टीबीची औषधं चालू असतील तर दुहेरी गोष्ट आहे. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणजे गोळी घेऊनही दिवस राहू शकतात. आणि आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं, म्हणून त्यासोबत बी-६ ची गोळी देतात. फिटच्या काही औषधांनीही गर्भनिरोधक गोळी कमी पडते. आशाताई गोळीचं पाकीट देताना विचारते, ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ तेव्हा संकोच न करता सांगावं.

पस्तिशीनंतर तंबाखू-विडी ओढणाऱ्या, रक्तदाब जास्त असणाऱ्या, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या, यकृताचा मोठा आजार असलेल्या आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी ही गोळी नाही. त्यांच्यासाठी दुसरी साधनं आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ ही गोळी संप्रेरकाची नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घेतात. ‘अंतरा’ हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा असतं. त्यात इस्ट्रोजेन नसतं, पण दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता थोडी कमी होते, म्हणून कॅल्शियम आणि उन्हाकडे लक्ष हवं.

गोळी थांबवताना

आता फोलेटचं राहिलेलं कारण. गोळी बंद केल्यावर पुष्कळ जणींना लवकरच दिवस राहतात. बाळाचा मेंदू आणि मणका जिथून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे पाळी चुकली हे नीट लक्षात येईपर्यंत ते काम होऊन गेलेलं असतं. तेव्हा फोलेट कमी असेल तर नंतर घेतलेल्या गोळीने ती चूक दुरुस्त होत नाही. म्हणून ज्यांना बाळ हवं आहे त्यांनी गोळी थांबवण्याआधी निदान एक महिना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावं आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने चालू ठेवावं. पूर्वी मणक्याचा दोष असलेलं बाळ झालं असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील. नव्या नवरा-नवरीला लग्नात सल्ले देणारे शंभर भेटतात. हा एक सल्ला कोणी देत नाही, म्हणून इथे लिहिला.

ज्यांना सध्या बाळ नको आहे त्यांनी सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी आठवड्यातून एकदा घ्यावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी ती ठरवलेली आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. माला-एनच्या काळ्या गोळीत फॉलिक ॲसिड नसतं, ती उणीव इथे भरून निघते. दोन्ही चालू ठेवायच्या का, हे एकदा हिमोग्लोबिन तपासून विचारून घ्या.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, मग गोळी घ्यावी की नाही? ते तुमचं आणि तुमच्या डॉक्टरांचं. मी इतकंच म्हणेन की भीतीने सोडू नका, आणि सोडायचीच असेल तर त्याच दिवशी दुसरं साधन हातात असू द्या. गोळी अंगातून थोडं काही नेते, ते एका केळ्याने, एका वाटी डाळीने आणि मूठभर पालेभाजीने भरून येतं. पण ती वाटी ताटात यायला हवी.

आणि हे सदर वाचणाऱ्या भाऊ-दादांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. कार्तिक पौर्णिमेला रामपायलीच्या जत्रेत जाल तेव्हा श्रीरामाचं दर्शन घ्या, चंदन नदीवर फिरून या. येताना घरच्या बाईसाठी मूठभर फल्लीदाणे आणि डझनभर केळी आणा, आणि त्या रात्री सगळे एकाच पंगतीला बसून जेवा. रक्ताची तपासणी सकाळी करता येईल.

पुढच्या अंकात : चाळिशीनंतर पाळी अनियमित होते तेव्हा काय साधारण आणि काय नाही. प्रश्न असतील तर संपादकांकडे जरूर कळवा, नाव छापलं जाणार नाही.